स्क्रीनवर आकडे दाखवा, स्क्रीनमध्ये साठवू नका: जीयूआय शिकू पाहणाऱ्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथन बऱ्यापैकी येतं, टीकिंटर या पायथनच्या जीयूआय (खिडक्या-बटणांची स्क्रीन) साधनात दोन-तीन छोटे प्रोग्रॅम केलेत. सांगलीला काकांचं हळदीचं अडत दुकान आहे आणि तिथली हिशेबपट्टी संगणकावर आणायची आहे. काकांना ती दुकानातल्या मशीनवर हवी, चुलतभावाला मोबाइलवरही दिसायला हवी. क्यूटी, इलेक्ट्रॉन, फ्लटर की रिअ‍ॅक्ट यांपैकी स्क्रीन बनवायचं कोणतं साधन (फ्रेमवर्क) घ्यायचं हे ठरवण्यासाठी तुम्ही तीन महिने व्हिडिओ पाहताय. व्हिडिओ चालू असतो तोवर सगळं समजतं, आणि स्वतःचं करायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या बटणापाशी गाडी अडते.

मला त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. अडचण फ्रेमवर्क निवडण्याची असती, तर पहिल्या बटणापाशीच अडला असता. पहिलं बटण जमतं, कारण ते एकटंच असतं. दुसरं आलं की दोघांना एकच माहिती हवी असते, तिसऱ्याने ती बदलली की पहिल्या दोघांना कळावं लागतं, आणि तिथून गुंता सुरू होतो. हा गुंता क्यूटीत होतो तसाच रिअ‍ॅक्टमध्ये होतो. म्हणून आधी त्याबद्दल लिहितो, कोणतं साधन घ्यायचं ते नंतर.

मी या कामात २००२ च्या सुमाराला आलो, व्हिज्युअल बेसिक ६ या मायक्रोसॉफ्टच्या साधनावर. कोल्हापूर भागातल्या एका खत-बियाण्यांच्या दुकानाचं बिलिंग केलं होतं. फॉर्मवर खाली एकूण रकमेचं लेबल होतं. बिलात ओळ वाढली की कोड लेबलमधला आकडा वाचायचा, त्यात नवी रक्कम मिळवायचा आणि छान स्वल्पविराम वगैरे घालून परत लेबलवर लिहायचा. लेबलवरचं अक्षरी रूप परत आकड्यात आणायला ‘व्हॅल’ नावाचं फंक्शन वापरलं होतं. हे फंक्शन न कळणारं पहिलं चिन्ह आलं की थांबतं, आणि स्वल्पविराम त्याला कळत नाही. म्हणजे ९४० रुपयांचं बिल बरोबर जतन व्हायचं आणि १,२४० रुपयांचं बिल १ रुपया म्हणून. चाचणीच्या वेळी आम्ही दोन-तीनशेची बिलं करून पाहिली होती. जूनमध्ये पेरणीचा हंगाम लागला, खताची मोठी बिलं निघू लागली आणि तिसऱ्या संध्याकाळी मालकांचा रोजमेळ जुळेना. छापील पावत्यांच्या कार्बन प्रती काढून मी रात्री दीडपर्यंत एकेक रक्कम हाताने भरली.

‘व्हॅल’च्या जागी दुसरं फंक्शन घातलं तेव्हा ती चूक थांबली. खरी चूक कळायला मात्र मला दोन वर्षं लागली. एकूण रक्कम राहण्याची जागा ते लेबल नव्हतंच. लेबल ही दाखवण्याची जागा. बिलातल्या ओळींची यादी वेगळी राहायला हवी होती, एकूण रक्कम दर वेळी त्या यादीवरून काढायला हवी होती, आणि लेबलने ती फक्त दाखवायला हवी होती. स्क्रीनवरून काहीही परत वाचायची वेळ आली, की समजायचं आपली माहिती चुकीच्या घरात राहायला गेलीय. (वापरणारा टाइप करतो तो मजकूर घ्यावा लागतो, तो अपवाद. पण तोही घेतल्या घेतल्या तपासून आपल्या यादीत टाकायचा आणि पुढे यादीवरच काम करायचं.)

ही माझी एकट्याची शोधलेली गोष्ट नाही. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७९ साली ट्रिग्वे रेन्स्काउग या नॉर्वेच्या संशोधकाने मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही मांडणी केली, तिचा गाभा हाच होता. क्यूटीत तुम्हाला तक्त्यासाठी दोन विजेट (स्क्रीनवर ठेवायचे तयार घटक) दिसतील: क्यू-टेबल-विजेट आणि क्यू-टेबल-व्ह्यू. पहिलं सोपं वाटतं, कारण माहिती त्याच्याच चौकटींत राहते. दुसरं माहिती वेगळ्या मॉडेलमधून मागून घेतं. नवशिके पहिलं घेतात आणि पाचशे ओळी झाल्या, गाळणी (फिल्टर) लावायची वेळ आली की सगळं फिरवून लिहितात. फेसबुकने २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट खुलं केलं, त्याचंही सांगणं हेच: माहिती बदला, स्क्रीन कशी दिसावी ते एकदा सांगून ठेवा, मधली जुळवाजुळव लायब्ररी करेल. पुढे फ्लटर, अॅपलचं स्विफ्ट-यूआय, अँड्रॉइडचं जेटपॅक कंपोज सगळे त्याच वाटेने आले. म्हणून ही एक सवय लागली की यातलं कोणतंही साधन तुम्हाला परकं वाटणार नाही.

तुमच्या हिशेबपट्टीवर हे लावून बघा. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, क्विंटलचा दर, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, आणि शेवटी निव्वळ रक्कम. यात साठवायचं काय? पोती, वजन, दर, हमाली-तोलाईचे दर आणि उचल. निव्वळ रक्कम साठवायची नाही, ती निघते. (पट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात गेली की मात्र तेव्हाची रक्कम गोठवून ठेवावी लागते, कारण उद्या हमालीचा दर बदलला म्हणून कालची पट्टी बदलता कामा नये. हा धंद्याचा नियम झाला, स्क्रीनचा नाही.) हे सगळं गणित एका पायथन फाइलमध्ये लिहा आणि त्या फाइलमध्ये टीकिंटर, क्यूटी यांचं नावही येऊ देऊ नका. मग एक परीक्षा घ्या: एकही विंडो न उघडता तुम्हाला तीन पोत्यांची पट्टी काढता येते का? आली, तर तुमचं निम्मं काम झालंय. उद्या काकांचं ऐकून डेस्कटॉप केलात आणि परवा भावाचं ऐकून वेबवर नेलंत तरी ही फाइल तशीच चालेल.

दुसरी गोष्ट, जी व्हिडिओत जवळजवळ कधीच दाखवत नाहीत, ती मधल्या अवस्थांची. व्हिडिओत यादी असते आणि ती भरलेली असते. खऱ्या दुकानात यादी रिकामी असते, यायची असते, नेट गेल्यामुळे येत नाही, किंवा अर्धी येते. पहिल्या दिवशी काका प्रोग्रॅम उघडतील तेव्हा पांढरी रिकामी चौकट दिसली तर ते बिघडलंय म्हणूनच बंद करतील. ‘आज अजून एकही पट्टी नाही. नवी करायला एफ-२ दाबा’ एवढी एक ओळ तिथे असायला हवी.

याच्याच पोटात अडकणाऱ्या विंडोचा प्रश्न येतो. जवळपास प्रत्येक जीयूआयमध्ये क्लिक घेणं, कळा घेणं आणि स्क्रीन रंगवणं एकाच मुख्य थ्रेडवर (एकामागून एक कामं करणाऱ्या रांगेवर) चालतं. तुम्ही तिथेच महिनाभराचा अहवाल काढायला बसलात की बाकी सगळं थांबतं. विंडो पाच सेकंद काहीच उत्तर देत नसली तर विंडोज तिला फिकट करून ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. माणूस घाबरून ‘जतन करा’ दोन-चारदा दाबतो, आणि अडकलेली विंडो जागी झाली की त्याच पट्टीच्या चार नोंदी होतात. वेळखाऊ काम वेगळ्या थ्रेडवर न्या, पण त्या थ्रेडमधून थेट विजेटला हात लावू नका. क्यूटीत सिग्नल पाठवून मुख्य थ्रेडला कळवा. आणि ‘जतन करा’ दाबताक्षणी ते बटण निष्क्रिय करा. किती जलद म्हणजे जलद? सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर माणसाला लगेच झाल्यासारखं वाटतं, सेकंदापर्यंत विचारांचा धागा तुटत नाही, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेले हे आकडे मी आजही वापरतो.

आता साधनाकडे. इथे मला सरळ सांगावं लागेल की उत्तर दुकानावर अवलंबून आहे, आणि मी दुकान पाहिलेलं नाही. काकांना जाऊन चार गोष्टी विचारा. पट्टी कशावर छापता? डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर डेस्कटॉप प्रोग्रॅम त्याला थेट मजकूर पाठवू शकतो, ब्राउझरला दर वेळी छपाईच्या खिडकीतून जावं लागतं. वजनकाटा संगणकाला जोडायचाय का? क्रोममध्ये सिरियल पोर्ट (काट्यासारखी यंत्रं जोडायची जागा) वाचायची सोय आहे, पण ती सगळ्या ब्राउझरांत मिळत नाही. नेट गेलं तर सौदा थांबेल का? आणि एका वेळी किती जण नोंद करतील? एकच मशीन, काटा आणि डॉट मॅट्रिक्स असेल तर तुमचं पायथन पाहता मी पाय-साइड (पायथनमधून क्यूटी वापरायची लायब्ररी) घ्या म्हणेन. पाय-क्यूटी त्याच्यासारखंच आहे, पण ते जीपीएल (प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला तर कोडही खुला द्यायला लावणारा परवाना) किंवा विकतच्या परवान्यावर मिळतं. पाय-साइडचा एलजीपीएल परवाना उद्या हाच प्रोग्रॅम शेजारच्या पेढीला विकायचा झाला तर कमी अडचणीचा पडतो.

चौघांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून पाहायचं असेल तर वेब, यात फार विचार करायला नको. वेबवर केलेलंच डेस्कटॉपवर आणायचं असेल तर इलेक्ट्रॉन किंवा टॉरी. इलेक्ट्रॉन गिटहबने २०१३ मध्ये अ‍ॅटम एडिटरसाठी सुरू केलं, व्हीएस कोड त्याच्यावरच आहे. ते प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर अख्खं क्रोमियम (क्रोमच्या मुळाशी असलेला ब्राउझर) घेऊन येतं, म्हणून जड होतं. तुम्ही लिहिलंय की दुकानातल्या मशीनला ४ जीबी रॅम आहे. शेजारी टॅली आणि क्रोम उघडे असताना तिथे ते जाणवेल. टॉरी मशीनवरचाच वेब-व्ह्यू (वेबपान दाखवणारा भाग) वापरतं, म्हणून फाइल लहान राहते. मात्र विंडोजवर एक इंजिन आणि मॅक-लिनक्सवर दुसरं, त्यामुळे जिथे चालवायचंय तिथे तपासूनच द्यावं लागतं. फ्लटर मोबाइलसाठी मला आवडतं. वेबवर मात्र ते बराचसा मजकूर चित्रासारखा रंगवतं, आणि पानात शोधणं, मजकूर निवडून कॉपी करणं अशा सवयीच्या गोष्टी आपोआप मिळत नाहीत. हिशेबाच्या कामात माणसं या गोष्टी दिवसभर करतात.

तुम्हाला डेस्कटॉप आणि वेब दोन्ही शिकायचंय असं तुम्ही म्हटलंय, म्हणून माझा सल्ला एचटीएमएल, सीएसएस आणि साधं जावास्क्रिप्ट यांपासून सुरुवात करण्याचा आहे, कोणतंही फ्रेमवर्क न घेता. कारण एफ-१२ दाबलं की ब्राउझर तुम्हाला सगळं उघडून दाखवतो. हे बटण इथेच का आलं, ही जागा कोणाची, हा रंग कुठून आला, हे बोट ठेवून बघता येतं. डेस्कटॉपच्या बहुतेक साधनांत हे इतकं सहज मिळत नाही. सीएसएसमधलं फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड (घटकांची मांडणी करायच्या दोन पद्धती) नीट शिका. ‘हे इथून ४० पिक्सेलवर’ असं मोजून ठेवणं सोडा, कारण दुकानातल्या विंडोजवर कोणीतरी अक्षरं १२५ टक्क्यांवर नेलेली असणारच. आणि बटणासाठी बटणच वापरा. साध्या चौकटीला क्लिक लावून बटणाचं सोंग दिलं, तर टॅबने तिथे पोचता येत नाही आणि एंटर चालत नाही.

सरावासाठी व्हिडिओ बंद करा आणि सेव्हन-जीयूआयज हा सात कामांचा संच घ्या: मोजणी, तापमान बदलणं, विमानाचं तिकीट, टायमर, नावांची नोंद, वर्तुळं काढणं आणि छोटी स्प्रेडशीट. दिसायला पोरकट वाटतात, पण प्रत्येकात एक खरी अडचण लपवलेली आहे. तापमानाच्या कामात सेल्सियसमध्ये टाइप केलं की फॅरनहाइट बदलायला हवं आणि उलटही. अगदी हाच प्रश्न तुम्हाला किलो आणि क्विंटलच्या रकान्यांत येईल: एकाने दुसऱ्याला बदललं, दुसऱ्याने परत पहिल्याला, आणि टाइप करता करता कर्सर उडी मारतो. वजन एकाच एककात साठवलं आणि दोन्ही रकाने त्यावरून भरले की अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा म्हणजे ज्या रकान्यात माणूस आत्ता लिहितोय, त्याला हात लावायचा नाही. वर्तुळांच्या कामात ‘मागे घ्या’ची सोय करावी लागते, म्हणजे पट्टीतली चुकून पुसलेली ओळ परत आणणं. पहिली पाच कामं साध्या जावास्क्रिप्टमध्ये करा, मग तीच रिअ‍ॅक्टमध्ये. रिअ‍ॅक्ट कशासाठी आहे हे तेव्हा हाताला कळेल. माझ्याकडे शिकायला आलेल्यांना नोकरी सांभाळून याला तीन-चार महिने लागलेत, कोणी त्याहून लवकर केलंय.

आता मराठीबद्दल, कारण तुमची स्क्रीन मराठीत असणार आणि शिकवणारे सगळे इंग्रजी स्क्रीन दाखवतात. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकली की ‘नोंदींची’ या शब्दावरची वेलांटी आणि अनुस्वार वरून कापले जातात, ‘पूर्ण’चा ऊकार खालून. ओळीची उंची इंग्रजीला १.२ पुरते, देवनागरीला मी १.५ च्या खाली जात नाही. इंग्रजी शीर्षकांत अक्षरांमध्ये अंतर सोडायची फॅशन आहे. तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे टांगल्यासारखे दिसतात. तयार थीम घेतलीत तर ही गोष्ट पहिल्यांदा शोधून बंद करा.

नावाला अक्षरांची मर्यादा घालताना जपा. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरांचं दिसतं: ज्ञा, ने, श्व, र. जावास्क्रिप्टला विचारा, ते दहा सांगेल, कारण हलन्त, काना, मात्रा सगळं वेगळं मोजलं जातं. इंग्रजीच्या हिशेबाने वीसची मर्यादा घातली, तर शेतकऱ्याचं नाव आणि वडिलांचं नाव मिळून आडनावापर्यंत पोचणारच नाही. फोनेटिक कळफलकाने टाइप करताना सुचवलेला शब्द निवडायला माणूस एंटर दाबतो, आणि तुमचा फॉर्म समजतो की पट्टी जतन करायचीय. शब्द अजून जुळतोय की नाही हे ब्राउझर इज-कम्पोझिंग या खुणेने सांगतो, ती तपासा. रकमा जावास्क्रिप्टच्या इंटल-नंबर-फॉरमॅट या सोयीने दाखवा. ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) दिलं की लाखाचा आकडा १,००,००० असा देवनागरीत येतो, ‘ईएन-आयएन’ (भारतातली इंग्रजी) दिलं की तोच इंग्रजी अंकांत, पण स्वल्पविराम आपल्या जागी. कोणते अंक हवेत ते काकांना विचारा, स्वतः ठरवू नका.

काकांना विचारण्यापेक्षाही दिवाणजींच्या शेजारी एक सकाळ बसा, सौद्याच्या दिवशी. लॅपटॉप नेऊ नका, वही न्या. एका हातात काट्याची चिठ्ठी आहे, दुसरा हात अंकांच्या कळांवर आहे, नजर चिठ्ठीवर आहे. टॅलीवर हात बसलेला माणूस माउसला शिवत नाही. मी एकदा असंच एक जुनं काळ्या स्क्रीनचं बिलिंग काढून नवं, रंगीत, माउसने चालणारं दिलं होतं. आठवड्याने काउंटरवर रांग वाढली म्हणून फोन आला. जाऊन पाहिलं तर प्रत्येक ओळीला हात कळफलकावरून उचलून माउसवर जात होता आणि परत येत होता. एंटरने पुढच्या रकान्यात जायची सोय आणि चार फंक्शन की दिल्या, दोन दिवसांत काम मूळ वेगावर आलं. रंग कोणाच्या लक्षातही नव्हते.

राहिला तुमचा शेवटचा उपप्रश्न: आधुनिक दिसावं म्हणून डिझाइनचा कोर्स करू का? आत्ता नको. एक अक्षरमाप मजकुराला आणि एक शीर्षकाला, सगळीकडची अंतरं आठच्या पटीत, एकच ठळक रंग आणि तोही फक्त मुख्य बटणाला, एवढं पाळलं तरी तुमची स्क्रीन आजच्या काळातली दिसेल. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ ला १ एवढा फरक ठेवा. हा वेबच्या सुलभतेच्या नियमावलीतला आकडा आहे आणि क्रोमच्या एफ-१२ मधला रंग निवडायचा चौकोन तो मोजून दाखवतो. फिकट राखाडी अक्षरं तुमच्या लॅपटॉपवर नाजूक दिसतील. दुकानाचं शटर उघडं असतं, समोरून ऊन येतं, आणि दिवाणजींचं वय तुम्ही लिहिलंय तसं अठ्ठावन्न आहे. पहिली पट्टी त्याच उजेडात, त्यांच्याच मशीनवर त्यांना वाचायला द्या, आणि ती तयार झाली की इथे लिहा, मी बघतो.